स्थापनेचं साल कुठलं छापायचं?

शाळेची शताब्दी जवळ आली की स्मरणिका समितीची पहिली बैठक स्थापनेच्या सालावरच अडते. गोव्यात तर हमखास. वर्ग भरले कुणाच्या तरी ओसरीवर, परवाना नंतर आला, इमारत मुक्तीनंतर उभी राहिली. अशा वेळी ऑक्सफर्डची जुनी कॉलेजं समोर ठेवावीत. तिथला घोळ साडेसातशे वर्षांचा आहे.

आधी कागदावर पाच रकाने पाडा: पैसा, जागा, पहिले विद्यार्थी, नियमावली, सरकारी मान्यता. प्रत्येकात साल, नाव आणि पुरावा लिहा. ऐकीव माहिती पेन्सिलने.

आता हे भरून बघा. युनिव्हर्सिटी कॉलेजसाठी विल्यम ऑफ डरहॅम १२४९ साली मरताना ३१० मार्क ठेवून गेला. मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं माप होतं: १३ शिलिंग ४ पेन्स. म्हणजे रक्कम झाली २०६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. पहिलं घर १२५३ मध्ये घेतलं, नियमावली १२८० ची. बेलियल कॉलेज १२६३ हे साल सांगतं, पण त्या सालची सनद नाही. डरहॅमच्या बिशपशी झालेल्या भांडणाचं प्रायश्चित्त म्हणून जॉन डी बेलियलने गरीब विद्यार्थ्यांना खर्चाचे पैसे लावून दिले, एवढीच ती सुरुवात. मर्टन कॉलेजची नियमावली १२६४ ची, म्हणजे तिघांत सर्वांत जुनी. पण ती सरे परगण्यातल्या माल्डन गावची. ऑक्सफर्डमधल्या मर्टनची अंतिम नियमावली १२७४ ची. सर्वांत जुनं कॉलेज कोणतं? जो रकाना धराल, त्याप्रमाणे उत्तर बदलतं.

संस्थापकाचंही तसंच. जॉन १२६८ मध्ये गेला. १२८२ मध्ये नियम घालून बेलियलला कॉलेजचं रूप दिलं ते त्याच्या विधवेने, डेर्व्होर्गिलाने. वॉडम कॉलेजचा पैसा निकोलस वॉडमचा, पण तो १६०९ मध्ये वारला आणि त्याच्या पंचाहत्तरीतल्या विधवेने, डोरोथीने ते उभं केलं. म्हणून दात्याचं नाव लिहिताना पत्नीचं नाव शोधाच. गोव्यात ते सोपं आहे: इथल्या नागरी कायद्यात नवऱ्याला पत्नीच्या संमतीवाचून स्थावर विकता किंवा दान करता येत नाही, त्यामुळे जमिनीच्या दस्तात ती सापडते. स्मरणिकेत मात्र तिचा फोटोसुद्धा नसतो.

मोठ्या नावापासून सावध राहा. चौदाव्या शतकात एका मिळकतीच्या खटल्यात युनिव्हर्सिटी कॉलेजने नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडला आपला संस्थापक ठरवलं, कारण राजाचा आसरा हवा होता. १७२७ मध्ये कोर्टानेही कॉलेज राजाने स्थापल्याचं मान्य केलं, आणि १८७२ मध्ये कॉलेजने हजार वर्षांची मेजवानी झोडली! एखादा दावा दिसला की तो पहिल्यांदा कधी आणि कुठल्या गरजेपोटी लिहिला गेला, हे बघा.

तारखा वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. तिथल्या जुन्या कागदावरचा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने पुढच्या सालात पडतो. आपल्याकडच्या पोर्तुगीज हस्तलिखितात ७ चा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ असेल तर तो जुलै नव्हे, सेतेंब्रो (‘सेते’ म्हणजे सात), म्हणजे सप्टेंबर. १० ला ‘ब्रो’ लावला तर डिसेंबर. या एका चुकीने वर्धापन दिन दोन महिने सरकतो.

परवान्यासाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा, जुनी सरकारी राजपत्रं चाळा. पहिल्या विद्यार्थ्यांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर बघा. ते वाळवीने खाल्लं असेल तर मॅट्रिकचा आधार घ्या. मुक्तीपूर्वी इथल्या इंग्रजी शाळांची मुलं मुंबईच्या परीक्षेला बसत. पहिली तुकडी ज्या साली बसली, त्याच्या आधी शाळा होती एवढं तरी पक्कं होतं.

कोनशिलेवरचं साल शेवटी बघा. ते भिंतीचं असतं, शाळेचं नव्हे. आणि दोन सालं जुळतच नसतील तर दोन्ही छापा: ‘वर्ग अमुक सालापासून, परवाना तमुक साली’.