डिझेल इंजिनातील हीटर प्लग: शोधणे, तपासणे आणि बदलणे

सोलापुरात मार्च ते जून या काळात हवाच इतकी तापलेली असते की डिझेल गाडीचा एखादा हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना सिलिंडरमध्ये उष्णता देणारा विजेचा छोटा दांडा, जळाला तरी चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. बिघाड उघड होतो तो डिसेंबर-जानेवारीत, कांद्याच्या हंगामात, जेव्हा बार्शी किंवा मोहोळकडचे पिकअप भल्या पहाटे बाजार समितीकडे निघायचे असते आणि सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. त्यामुळे प्लगची तपासणी दिवाळीच्या सुमारासच उरकून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेटते. इंजिन थंड असताना मात्र ही उष्णता हेडच्या (सिलिंडरवरील झाकणाच्या) आणि सिलिंडरच्या धातूत शोषली जाते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हीटर प्लगचे टोक काही सेकंदांत साधारण ८५० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. प्लग निकामी झाला की सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर इंजिन काही वेळ एखाद्या सिलिंडरवर अडखळते, आणि न जळलेल्या डिझेलचा उग्र वासाचा पांढरा धूर निघतो. इंजिन गरम झाल्यावर ही लक्षणे गेली, तर संशय प्लगवर घ्यावा. त्याआधी बॅटरी मात्र तपासावी, कारण इथल्या उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते आणि सेल्फ मंद फिरत असेल तर नवे प्लग घालूनही गाडी लवकर सुरू होणार नाही.

प्लग सिलिंडर हेडमध्ये असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. प्रथम इंजेक्टरला (डिझेल फवारणाऱ्या भागाला) जाणाऱ्या पोलादी नळ्या शोधाव्यात. त्यांच्या आसपास हेडमध्ये घुसलेले, वर एक तार किंवा सर्वांना जोडणारी धातूची पट्टी असलेले बारीक दांडे म्हणजे हीटर प्लग. काही इंजिनांत ते इनटेक मॅनिफोल्डखाली (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाखाली) दडलेले असतात आणि वरचे आवरण किंवा नळी काढल्याशिवाय हात पोहोचत नाही. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या अनेक मोठ्या इंजिनांत असे प्लग नसतात. तिथे हवा तापवण्याची सोय असलीच तर ती इनटेकच्या मार्गात असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपल्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे.

तपासण्यासाठी किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, प्लगवरील पट्टी किंवा तारा सोडवाव्यात आणि मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचे बाहेरचे, तार जोडायचे टोक व इंजिनाचा धातू यांमधील रोध मोजावा. पट्टी तशीच ठेवून मोजल्यास सगळे प्लग एकत्र मोजले जातात आणि खराब प्लग सापडत नाही. चांगल्या प्लगचा रोध बहुधा ०.५ ते २ ओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतील तार तुटलेली आहे. मीटरच्या स्वतःच्या तारांचाही थोडा रोध असतो, म्हणून आकड्यापेक्षा चारांपैकी वेगळा कोणता, याकडे लक्ष द्यावे. सर्व प्लग चांगले निघाले तर दोष फ्यूज, रिले किंवा टायमरमध्ये शोधावा. प्लग थेट बॅटरीला जोडून लाल होतो का हे पाहण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते, पण नव्या गाड्यांतील कित्येक प्लग ४ ते ७ व्होल्टचे असतात आणि १२ व्होल्ट मिळताच ते जळतात.

खरी कसोटी प्लग काढताना लागते. वर्षानुवर्षे जागचा न हललेला प्लग काजळीने आणि गंजाने हेडमध्ये घट्ट धरला जातो, आणि जोर लावला की मोडतो. मोडलेला तुकडा काढायला कित्येकदा हेड उतरवून लेथवर न्यावे लागते, आणि तो खर्च प्लगच्या किमतीच्या कित्येक पट असतो. म्हणून आदल्या रात्री आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी इंजिन चालवून चांगले गरम करावे, मग ते बंद करून बॅटरीची तार पुन्हा काढावी आणि जाड हातमोजे घालून कामाला लागावे. भोवतालची धूळ दाबाच्या हवेने उडवून टाकावी, कारण इथल्या रस्त्यांची बारीक माती सिलिंडरमध्ये पडणे परवडणारे नाही. खोल सॉकेट सरळ बसवावे आणि प्लग किंचित सैल, किंचित घट्ट असा मागेपुढे हलवत न्यावा. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारण ३५ न्यूटन मीटर (पिळाचा जोर मोजण्याचे एकक) इतक्या जोराला मोडू शकतो, ८ मिलिमीटरचा २० लाच. त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबावे, पुन्हा तेल सोडावे आणि गरज पडल्यास काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. यात घाई करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी देऊ नये.

प्लगचे टोक वितळलेले किंवा एका बाजूने झिजलेले दिसले तर इंजेक्टरची फवारणी तपासून घ्यावी, नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल. नवा प्लग त्याच क्रमांकाचा आणि त्याच व्होल्टेजचा घ्यावा. एक गेला असेल आणि बाकीचे त्याच वयाचे असतील तर पूर्ण संच बदलणे योग्य ठरते. भोकातील काजळी त्या मापाच्या रीमरला (भोक खरवडून साफ करणाऱ्या हत्याराला) ग्रीस लावून काढावी, म्हणजे ती ग्रीसलाच चिकटते आणि आत पडत नाही.

नवा प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवावा. अडला तर आटे वाकडे लागले आहेत, असे समजून मागे घ्यावा. शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) कसावा: ८ मिलिमीटरला सुमारे १०, १० मिलिमीटरला १५ ते १८ न्यूटन मीटर, माहितीपुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. वरची छोटी नट हलक्या हाताने आवळावी.

बॅटरी जोडून किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरील वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. प्लगच्या बुडाशी फसफस आवाज येत असेल तर प्लग नीट बसलेला नाही. हीटर प्लग असलेल्या इंजिनात गाडी सुरू करण्यासाठी ईथरचा स्प्रे कधीही मारू नये; तापलेल्या टोकाने तो अवेळी पेटतो आणि पिस्टन किंवा मॅनिफोल्ड फुटू शकते. दुरुस्तीची खातरजमा रात्रभर गाडी उघड्यावर उभी करून पहाटे करावी, आणि तरीही ती अडली तर कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासायला घ्यावेत.