गोडा मसाला कडू का व्हायचा

दोन वर्षं माझा गोडा मसाला कडवट व्हायचा आणि मी खापर दगडफुलावर फोडत होते. यंदा सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, सगळं एकाच कढईत घातलंस? धणे भाजेस्तोवर जिरं करपणारच!" खरंच, तळाशी जिऱ्याचे काळे दाणे. पाव किलो धण्यांचा तो घाणा टाकून द्यायला जिवावर आलं.

मग प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, थेंबभर तेलात परतला. तीळ आणि खोबरं कोरडंच, बदामी रंगावर. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावलं, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. आणि आमटीत मसाला आता फोडणीत नाही, डाळीला उकळी आली की घालते. तिथेही तो जळतच होता म्हणा!