मोठ्या शहरात चांगलं आशियाई रेस्टॉरंट कसं शोधावं

एकदा एका परक्या शहरात रात्री उशिरा भूक लागली म्हणून मी समोर दिसलेल्या ‘एशियन’ रेस्टॉरंटमध्ये शिरले. मेनू कार्डावर सुशी होती, पाड थाई होतं, कुंग पाव चिकनही होतं. पाड थाई मागवलं. चिंचेचा पत्ता नाही, केचपचा लालभडक गोडवा आणि लगदा झालेल्या नूडल्स. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर तिथली माणसं स्वतःचं जेवण घेऊन बसली. भात, लसूण घालून परतलेली पालेभाजी आणि माशाचं आंबट सूप. मी टक लावून पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी एक वाटी माझ्यापुढे ठेवली. त्या सूपची चव अजून जिभेवर आहे. स्वयंपाकी तोच, किचनही तेच. फरक एवढाच, की एक पदार्थ माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी केला होता आणि दुसरा घरच्यांसाठी.

तेव्हापासून कुठल्याही शहरात गेले की माझा शोध एकाच प्रश्नापासून सुरू होतो: इथे कुणासाठी शिजतंय?

आधी प्रांत आणि पदार्थ ठरवा

‘आशियाई जेवण’ असं काही कुठल्याच घरात शिजत नाही. नुसतं ‘चायनीज’ म्हणणंही फारसं कामाचं नाही. सिचुआनच्या जेवणात लाल मिरचीबरोबर जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी असते. कँटनकडचं जेवण सौम्य: आलं आणि कांद्याची पात घालून वाफवलेला अख्खा मासा, भाजलेलं बदक, डिम सम (चहाबरोबर टोपल्यांतून येणारे छोटे छोटे पदार्थ). शीआनला गेलात तर हाताने ओढलेल्या पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स आणि जिरं लावलेलं मटण. एकच किचन हे सगळं सारख्याच हातोटीने करेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

म्हणून शोधताना ‘थाई रेस्टॉरंट’ टाकण्यापेक्षा ‘खाओ सोई’ टाका. ‘चायनीज’ऐवजी ‘लांझो बीफ नूडल्स’, ‘मलेशियन’ऐवजी ‘लक्सा’. जपानी आणि कोरियन जेवणात तर हे फारच उपयोगी पडतं, कारण त्या देशांत एकाच पदार्थाला वाहिलेली दुकानं पुष्कळ असतात. रामेन आणि सोबा या दोन्ही जपानी नूडल्सच, पण रामेनवाला रामेनच करतो, सोबावाला सोबाच.

आणखी एक युक्ती. पदार्थाचं नाव त्याच्या मूळ लिपीत शोधून कॉपी करा आणि नकाशाच्या ॲपमध्ये तेच पेस्ट करा. लगेच वेगळीच यादी समोर येते, कारण आता ज्यांची ती भाषा आहे त्यांनी लिहिलेलं तुम्हाला दिसायला लागतं. वाचता येत नसेल तर फोनमधलं भाषांतर पुरेसं आहे.

मग वस्ती शोधा

जिथे त्या देशाची माणसं राहतात, तिथे त्यांच्या आठवणीतल्या चवीला उत्तर द्यावं लागतं. आईच्या हातचं खाल्लेल्या माणसाला फसवणं कठीण.

यात एक गफलत नेहमी होते. ‘चायनाटाऊन’ म्हटलं की शहराच्या मध्यावरची कमान आणि लाल कंदील डोळ्यांपुढे येतात. मनिलामधलं बिनोंदो 1594 पासूनचं, जगातलं सर्वांत जुनं मानलं जाणारं चायनाटाऊन, आणि तिथे आजही चांगलं खायला मिळतं. पण बऱ्याच शहरांत मध्यवर्ती भाग पर्यटकांचा झाला आहे, भाडं परवडत नाही आणि नवी कुटुंबं केव्हाच उपनगरांत गेली आहेत. अमेरिकेत 1965 च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांवरचे जुने निर्बंध उठले. पुढच्या दशकांत आलेली अनेक कुटुंबं न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगला आणि लॉस एंजेलिसजवळ सॅन गॅब्रिएल खोऱ्यात स्थिरावली. सिडनीत 1975 नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांमुळे कॅब्रामाटा घडलं. लंडनमध्ये कोरियन जेवणासाठी न्यू माल्डन, जर्मनीत जपानी जेवणासाठी ड्युसेलडॉर्फ. ही नावं मी मुद्दाम देतेय, कारण प्रत्येक मोठ्या शहराचं स्वतःचं असं एखादं उपनगर असतं आणि ते बहुधा मेट्रोच्या शेवटच्या काही स्टेशनांजवळ सापडतं.

ते कसं ओळखायचं? रेस्टॉरंट शोधू नका, किराणा दुकान शोधा. ज्या आशियाई सुपरमार्केटमध्ये ताज्या तुळशीच्या तीन जाती, जिवंत मासे आणि वीस किलोच्या तांदळाच्या पिशव्या दिसतात, त्याच्या आसपास दहा मिनिटं चाललात की चांगली जेवणं मिळतात. बौद्ध विहार, रविवारी भरणारी भाषेची शाळा, परदेशी विद्यार्थी जास्त असलेलं विद्यापीठ याही खुणा भरवशाच्या. आणि सुपरमार्केटमधल्या काउंटरवरच्या बाईंना सरळ विचारा, ‘तुम्ही जेवायला बाहेर जाता तेव्हा कुठे जाता?’ या प्रश्नाला बहुतेक जण मनापासून उत्तर देतात.

मॉलच्या तळघरातल्या फूड कोर्टकडे पाठ फिरवू नका. लहान गाळा, कमी भाडं, एकच पदार्थ. नव्याने आलेला उत्तम स्वयंपाकी पुष्कळदा तिथूनच सुरुवात करतो.

रेटिंगच्या आकड्यापेक्षा फोटो बघा

चार पूर्णांक सात आणि चार पूर्णांक एक यांत जेवणाचा फरक असेलच असं नाही. कमी स्टार देणाऱ्यांची तक्रार नीट वाचा. ‘वेटर हसला नाही’, ‘बिल मागावं लागलं’, ‘कार्ड चालत नाही’ या तक्रारींचा चवीशी संबंध नाही. ‘मासा शिळा होता’ असं दोघांनी लिहिलं असेल तर मात्र पुढचं दार गाठा.

गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो सलग पंचवीस-तीस तरी बघा. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसतोय का? तोच तुम्हाला मागवायचा आहे.

दारात उभं राहून पाच मिनिटं बघा

मेनूची लांबी बघा, पण डोळसपणे. रामेन किंवा फो (व्हिएतनामी नूडल्सचं सूप) यांच्या दुकानात मेनू एका पानात मावला पाहिजे. रस्सा तासन्तास उकळावा लागतो, तो दहा प्रकारचा कुणी करत नाही. कँटनी रेस्टॉरंटचा मेनू मात्र शंभर पदार्थांचा असला तरी घाबरू नका. तीच सामग्री वॉकमध्ये, म्हणजे चिनी कढईत, निरनिराळ्या तऱ्हेने एकत्र येते. संशय घ्यावा तो तीन-चार देश एकाच पानावर नांदत असतील तेव्हा.

भिंतीवर मूळ लिपीत हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या असतील तर फोटो काढून भाषांतर करा. आज बाजारातून काय आलं ते तिथेच कळतं.

थाई ठिकाणी टेबलावर काय आहे ते पाहा. साखर, वाटलेली सुकी मिरची, मिरचीचं व्हिनेगर आणि मिरची घातलेला फिश सॉस अशा चार बरण्या नूडल्सच्या टेबलावर असतील तर शुभलक्षण समजा. थायलंडमध्ये भाताचं जेवण चमचा-काट्याने जेवतात आणि चॉपस्टिक मुख्यतः नूडल्सना. भाताबरोबर आपणहून चॉपस्टिक आणून ठेवल्या, तर ते रेस्टॉरंट कुणाच्या अपेक्षा सांभाळतंय याचा अंदाज येतो.

‘नो एमएसजी’ (म्हणजे अजिनोमोटो नाही) या पाटीला मी काडीचंही महत्त्व देत नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीच्या सूपमधून ही चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. टोमॅटो, मशरूम, सोया सॉस यांत ती असतेच. त्या पाटीवरून जेवणाचा दर्जा कळत नाही.

वेळ चुकवू नका

चांगल्या ठिकाणी चुकीच्या वेळी गेलात तर निराशाच पदरी पडेल. डिम सम सकाळपासून दुपारपर्यंतचं, आणि रविवारी अकराला गोल टेबलाभोवती आजी, सून आणि नातवंडं चहा ओतत बसलेली दिसली की तुम्ही योग्य जागी आलात. पण तिथे चौघं-पाच जण जा, दोघांत टोपल्या संपत नाहीत. फो व्हिएतनाममध्ये सकाळी खातात, म्हणून फोवाल्याकडे लवकर जा. चांगल्या रामेनवाल्याचा रस्सा संपला की तो दुकान बंद करतो. कोरियन बार्बेक्यू एकट्याने करू नये.

एका पदार्थावरून किचन ओळखा

पहिल्या भेटीत भारी काही मागवू नका. प्रत्येक परंपरेत एक साधा पदार्थ असतो, जिथे स्वयंपाक्याला लपायला जागा नसते.

डिम सममध्ये तो हार गाऊ, म्हणजे कोळंबी भरून वाफवलेलं डंपलिंग. बांबूच्या टोपलीचं झाकण काढल्यावर वाफेतून जो पापुद्रा दिसतो, तो इतका पातळ हवा की आतली कोळंबी गुलाबी दिसावी. एका कडेला बारीक, सारख्या चुण्या. चॉपस्टिकने उचलताना बूड फाटून टोपलीला चिकटलं, तर तो जास्त वाफवला गेलाय किंवा केव्हाचा करून ठेवलाय. चांगला असेल तर पापुद्रा ओठांना किंचित चिकट लागतो आणि कोळंबी दाताखाली करकरीत तुटते. गव्हाच्या स्टार्चचं ते पीठ उकळत्या पाण्यात मळून गरम असतानाच लाटावं लागतं. एवढे कष्ट घेणारं किचन बाकीच्या पदार्थांतही हलगर्जीपणा करत नाही.

थाई ठिकाणी सोम ताम. हिरव्या पपईचं हे सॅलड मागवल्यावर कान किचनकडे लावा. मातीच्या खलात लाकडी बत्त्याचा ठोक-ठोक आवाज यायला हवा. आधी लसूण आणि मिरची, मग ताडगूळ, लिंबू, फिश सॉस, शेवटी पपई हलकेच ठेचलेली. आवाज न येता दोन मिनिटांत वाटी आली, तर ते फ्रिजमधून आलंय. आंबट, खारट, गोड आणि तिखट या चारही चवी एका घासात एकामागून एक उमटल्या पाहिजेत.

फोमध्ये सॉस घालण्याआधी नुसत्या रश्शाचे तीन घोट घ्या. भाजलेलं आलं-कांदा, बडीशेपेसारखा चक्रीफुलाचा गंध, हाडांचा गोडसरपणा, आणि तरीही रस्सा नितळ. कोरियन ठिकाणी मुख्य जेवणाआधी येणाऱ्या बानचानच्या, म्हणजे तोंडीलावण्याच्या, वाट्यांवरून सगळं कळतं. त्या फुकट असतात आणि पुन्हा मागता येतात. किमची (आंबवलेली तिखट कोबी) तिथलीच आहे का, विचारा. कँटनी ठिकाणी लसणीवर परतलेली साधी पालेभाजी मागवा. प्रचंड आचेवर वॉकमध्ये येणारा जो धुरकट खरपूस वास, ज्याला वॉक हेई म्हणतात, तो असेल तर पुढचे पदार्थ बिनधास्त मागवा.

शाकाहारी असाल तर जास्त सावध राहावं लागतं. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, सुक्या माशाचा जपानी रस्सा म्हणजे दाशी आणि किमचीतली खारवलेली कोळंबी हे डोळ्यांना दिसत नाहीत. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, या चौघांची नावं घेऊन विचारा. त्याहून सोपं म्हणजे बौद्ध शाकाहारी ठिकाणं शोधणं. व्हिएतनामी पाटीवर ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी), थाई ठिकाणी पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत ‘जे’ असं लिहिलेलं असतं. तिथे तडजोडीचं जेवण मिळत नाही, शतकानुशतकं मुरलेला शाकाहारी स्वयंपाक मिळतो.

विचारताना

‘इथे काय फेमस आहे?’ विचारलंत, तर परक्या माणसांना जे आवडतं ते सांगतील. ‘आज तुम्ही स्वतः काय जेवणार?’ असं विचारा. शेजारच्या टेबलावरचं ताट आवडलं तर हळूच बोट दाखवून ‘तेच द्या’ म्हणा, यात संकोचण्यासारखं काही नाही. पहिल्या वेळी तिखट किंवा वास कमी करायला सांगू नका. एकदा तसं सांगितलंत की तुम्ही आपोआप दुसऱ्या यादीत जाता.

जेवण आवडलं तर उठण्याआधी त्या पदार्थाचं नाव मूळ लिपीत तुमच्या फोनवर लिहून द्यायला सांगा. आणि पदार्थ नेमक्या कुठल्या गावचा, तेही विचारा. पुढच्या शहरात उतरलात की नकाशात तेच नाव टाका.