आज्जी भाजी चिरायला बसली की 'पडली' असा अलार्म यायचा, तो असा थांबवला

सांगलीत विश्रामबागला आज्जी दिवसभर एकटी असते म्हणून तिला विचारूनच (कॅमेरा नको हे आधीच ठरलेलं) कमरेच्या पट्ट्यात हालचाल मोजणारा सेन्सर लावला आणि एआय मॉडेल चालू केलं, पण ती विळीवर बसली की माझ्या फोनवर लगेच 'पडली'. घाबरून फोन केला की म्हणायची, "आरं मी कुठं पडलीया, मेथी चिरतीया न्हवं!"

मग डेटा बघितला. मॉडेल शिकलेलं यूसीआय एचएआर डेटासेटवर (माणसांच्या हालचालींच्या सेन्सर-नोंदींचा तयार संच), त्यात 30 जण, वय 19 ते 48, हालचाली फक्त 6: चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, झोपणं. पडणं नाहीच, मांडी घालून बसणंही नाही, अलार्म वाजायचा तो नुसत्या झटक्यावर. आपल्याकडची म्हातारी माणसं अर्धा दिवस जमिनीवर असतात हो!

तर आधी आज्जीचंच खाली बसणं, हात टेकून उठणं रेकॉर्ड करून लेबल लावली, 50 हर्ट्झवर (सेकंदाला 50 रीडिंग) 2.56 सेकंदाचे तुकडे म्हणजे प्रत्येकी 128 रीडिंग. पण खरा फरक पडला गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनं. खाली बसताना झटका येतो पण कंबर उभीच राहते, आडवं पडलं की गुरुत्वाकर्षणाचं तेच 9.8 (मीटर/सेकंद²) सेन्सरच्या दुसऱ्या अक्षावर दिसतं. आता झटका, मग दिशा बदल, मग काही वेळ हालचाल नाही, तिन्ही जुळलं तरच अलार्म. भिंतीला टेकून घसरत बसली तर हे पकडणार नाही, म्हणून पट्ट्यावर बटण पण दिलंय.