हातचं काम मुलांच्या हाती देताना या चुका टाळा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की नवी मुंबईतल्या नेरूळची सिडको वसाहत, पालकांची तक्रार सारखीच असते: मुलांना घरातलं काही येत नाही, आणि शिकवायला बसवलं तर दहा मिनिटांत उठून जातात. मुलं उठून जातात, कारण बहुतेक घरांत त्यांना काम शिकवलं जात नाही, नुसतं दाखवलं जातं. गावाहून आलेली आजी भाकऱ्या थापते, नातू शेजारी उभा राहून बघतो, कुणीतरी व्हिडिओ काढतं आणि परात आजीकडेच राहते. पुढच्या खेपेला नातवाला तिथे उभं राहण्याचंही कारण उरत नाही. काम हातातून जावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. ते कुठे अडतं आणि का बिघडतं, हे नीट पाहिलं तर दुरुस्ती अवघड नाही.

'अंदाजाने घाल' एवढ्यावर सोडणं

आजीचा अंदाज अचूकच असतो, पण तो तिच्या हातात आहे, शब्दांत नाही. 'थोडं पीठ घे, लागेल तसं पाणी घाल' यातून नवशिक्याला काहीच हाती लागत नाही. आजीला नेहमीसारखं मुठीने पीठ घेऊ द्या, परातीत पडण्याआधी ते वाटीने मोजा किंवा वजनकाट्यावर ठेवा. पाण्याचंही तसंच करा. आकडे कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवा. मापाबरोबर खूणही सांगा: डोळ्यांना काय दिसायला हवं, बोटांना काय लागायला हवं. हात बसला की कागद आपोआप निघतो.

पहिला धडा म्हणून विरजणासारखं दुसरं काम नाही. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्यायचं. स्वच्छ करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले, ऊब जाणवली पण चटका बसला नाही, की दूध तयार. एक छोटा चमचा दही दोन चमचे दुधात घोटून त्यात मिसळायचं, झाकायचं आणि भांडं हलवायचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात 4 ते 5 तासांत दही लागतं, डिसेंबर-जानेवारीत 8 तास किंवा रात्रभर लागतात. निकाल सकाळी समोर येतो, त्यामुळे चूक शोधायला मुलालाच सांगता येतं. दही लागलंच नाही, तर दूध गार झालं होतं किंवा इतकं गरम होतं की विरजणातले जिवाणू मेले. आंबट झालं आणि पाणी सुटलं, तर विरजण जास्त पडलं किंवा लागल्यानंतरही भांडं बाहेर राहिलं. दह्याला तार सुटली, तर विरजणच बिघडलंय; ते टाकून नवं आणायचं.

भाकरी: एका दिवसात सगळं शिकवायला जाणं

या भागात दोन भाकऱ्या चालतात. आगरी-कोळी घरांत तांदळाची, घाटावरून आलेल्या माथाडी कुटुंबांत ज्वारी-बाजरीची. मुलाला दोन्ही एकदम शिकवू नका. पिठाचा स्वभाव वेगळा, हातही वेगळा पडतो.

तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी धरून ठेवतो तो उकडलेल्या पिठाचा चिकटपणा, म्हणून उकड नीट झाली नाही तर पुढे कितीही मेहनत केली तरी भाकरी चिरते. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी आणि चिमूटभर मीठ. पाणी खळखळून उकळायला हवं, नुसती वाफ येऊन चालत नाही. गॅस बारीक करून पीठ एकदम घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, गॅस बंद करून 5 ते 7 मिनिटं झाकून ठेवायचं. मग परातीत काढून गरम असतानाच मळायचं. इथे बहुतेक घरं चुकतात: मुलाचा हात भाजेल म्हणून उकड पार गार होऊ देतात. गार उकडीतल्या गुठळ्या मग मोडत नाहीत. त्यापेक्षा वाटीच्या बुडाने ती रगडायला द्या आणि हाताला सोसेल इतकी निवली की पाण्याचा हात लावून 5-6 मिनिटं मळू द्या. लिंबाएवढी गोळी दाबून पाहायची. कडा फाटल्या तर पाणी किंवा मळणं कमी पडलं. बोटांना चिकटली तर पाणी जास्त झालं.

थापताना मूल तळहाताने मधोमध जोर देतं. मधला भाग पातळ होतो, कड जाड राहते आणि उचलताना भाकरी फाटते. उजव्या हाताची बोटं मधून कडेकडे सरकवायची, डाव्या हाताने कडेला आधार देत भाकरी फिरवायची. ती फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय. पहिल्या दिवसांत तळहाताएवढीच भाकरी थापू द्या. मोठी उचलायची भीती हेच सोडून देण्याचं नेहमीचं कारण असतं.

तवा आधी चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाकायची आणि लगेच वरून सगळीकडे पाण्याचा हात फिरवायचा. पाणी दिसेनासं होताच उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर वर भेगा पडतात. दुसरी बाजू डाग पडेपर्यंत भाजायची, मग पहिली बाजू आचेवर धरायची. फुगली नाही, तर ती मुलासमोरच मोडा. कड जाड आहे, कुठे बारीक चीर राहिली की पहिली बाजू जास्त वाळली, हे आतून स्वच्छ दिसतं. 'जमेल हळूहळू' यापेक्षा हे बघणं जास्त कामाचं.

ज्वारीच्या भाकरीत चूक बऱ्याचदा मुलाची नसते, डब्यातल्या पिठाची असते. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि गोळा थापता थापता फुटतो. शिकवायच्या आठवड्यात ताजं पीठ दळून आणा आणि गरम पाण्यात भिजवा.

घाईच्या वेळी शिकवणं, मग पाठीमागून सुधारणं

संध्याकाळी साडेसातला, ट्रेनमधून उतरून आल्यावर कुणालाही शिकवता येत नाही. आईबाबांच्या हातात तेवढा धीर उरलेला नसतो आणि 'बाजूला सरक, मी करते' हे शब्द तोंडातून निघतातच. सुटीच्या दिवशी बारा भाकऱ्या करून घेण्यापेक्षा दोन आठवडे रोज दोन करून घ्या. हात बसतो तो अशा रोजच्या कामाने.

मुलाने घातलेली कपड्यांची घडी तो झोपल्यावर मोडून नीट घालणं, त्याने धुतलेली भांडी पुन्हा विसळणं, हा सगळ्यांत मोठा घात आहे. मुलांना ते कळतं. आपलं काम मोजलं जात नाही, एवढंच ती त्यातून शिकतात. वाकडी भाकरी कुणाच्या तरी ताटात पडू द्या. सुधारायचं असेल तर त्याच्यादेखत, त्याच्याच हाताने सुधारा. आणि काम तुकड्याने देऊ नका. मेथी निवडणं, धुणं, चिरणं, फोडणी आणि शेवटी ओटा पुसणं हे सगळं मिळून एक काम आहे. फक्त फोडणीची गंमत दिली तर बाकीचं कुणीतरी करतं, असा समज पक्का होतो. हे सगळं मुलगे आणि मुली दोघांसाठी. मुलग्याला वगळलं तर त्याची गैरसोय पुढे त्याच्याच घरात होते.

मासळी बाजारात मुलाला गप्प उभं करणं

ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याच्या किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मावशी पारख चांगली शिकवतात, मुलाला पुढे केलं तर. त्याला आधी एकच मासा द्या, बांगडा. डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा, खोल गेलेला किंवा दुधाळ नको. कल्ला उचलून पाहायचा, तो लाल हवा. तपकिरी पडला असेल तर मासा शिळा. बोटाने दाबलं की खड्डा भरून यायला हवा. पोट फुटलेलं नको. या चार खुणा त्यालाच तपासू द्या, भावही त्यालाच विचारू द्या. 'मावशी, बांगडा कसा दिलात?' एवढं मोठ्याने विचारणं हाही धडा आहे.

वेळ चुकवू नका. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात ताज्या मासळीचा धडा नको. सुके बोंबील आणि सुकट पारखायला, निवडायला शिकवा. साफ करायला सुरुवात कोळंबीने करा: डोकं काढायचं, साल सोलायची, पाठीवर हलकी चीर देऊन काळा दोरा ओढून घ्यायचा. काटेरी खवल्यांचे मासे नंतर.

विळी, तवा आणि चटका

मुलाला हलणाऱ्या पाटावर उभं करून तव्यापाशी नेऊ नका. ओटा कमरेच्या वर येत असेल तर मळणं-थापणं जमिनीवर बसून, भाजणं घरातल्या मोठ्या माणसाने. विळीचं पातं उघडं आणि स्थिर असतं, हात त्याच्याकडे जातो. सुरीवर हात बसेपर्यंत विळी नको. चटका बसला तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर डॉक्टरकडे न्या.

बटण आणि धान्य

बटण लावताना दोरा गुंततो, कारण तो फार लांब घेतलेला असतो. दुहेरी करून बोटांपासून कोपरापर्यंत पुरे. बटणावर आगकाडी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि बटण व कापड यांमधल्या दोऱ्याला 3-4 वेढे देऊन गाठ मारायची. हे वेढे नसले की बटण काजात दाबून बसतं आणि लवकर तुटतं.

वर्षाचं धान्य वाशीच्या दाणाबंदरातून आणायचं असेल तर मे महिन्यातच आणा, आणि वाळवणाची जबाबदारी मुलांवर द्या. बाल्कनीत सलग दोन दिवस कडक ऊन पुरतं. गडबड होते ती संध्याकाळी: तापलेलं धान्य तसंच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते. रात्रभर पंख्याखाली पसरून पूर्ण गार होऊ द्या, सकाळी भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो आधी सावलीत कुरकुरीत वाळवा.