एक कॉम्प्युटर, पाच माणसं: लिनक्सवर प्रत्येकाचं खातं टर्मिनलवरून कसं सांभाळावं

लहान ऑफिसात हमखास दिसणारं चित्र: एकच कॉम्प्युटर, एकच लॉगिन, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. फाइल उडाली तर कोणी उडवली ते कळत नाही. काम सोडून गेलेल्या माणसाला पासवर्ड पाठच असतो. ज्याचं त्याचं वेगळं खातं केलं की यातला बराच ताप संपतो, आणि लिनक्सवर ते काम दहा-बारा कमांडमध्ये होतं.

इथं उबुंटू हा लिनक्सचा प्रकार धरून चाललो आहे. टर्मिनल म्हणजे कमांड लिहून देण्याची खिडकी. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. नुसत्या उच्चारावरून स्पेलिंग लागणार नाही तिथं अक्षरं फोडून सांगतो.

आधी मशीनवर कोण कोण आहे ते पाहा. ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ असं लिहून एंटर दाबा. यातला दुसरा शब्द म्हणजे ‘पासवर्ड’मधून ओ आणि आर ही अक्षरं गाळलेला. चाळीसेक ओळी धडधड येतील, घाबरू नका. एक ओळ अशी असेल:

सीमा:एक्स:1001:1001:सीमा,,,:/होम/सीमा:/बिन/बॅश

विसर्गासारख्या चिन्हांनी पाडलेले हे सात रकाने. पहिल्यात नाव. दुसऱ्यात नुसता ‘एक्स’, म्हणजे पासवर्ड इथं नाही. मग खात्याचा क्रमांक, मुख्य गटाचा क्रमांक, माणसाची माहिती, त्याचं घर म्हणजे होम फोल्डर, आणि शेवटी लॉगिन केल्यावर सुरू होणारा शेल, म्हणजे तुमच्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम. क्रमांकाकडे नीट बघा, कारण मशीन माणसाला नावानं नव्हे, क्रमांकानं ओळखतं. 0 म्हणजे रूट, सर्वाधिकारी. माणसांची खाती 1000 पासून सुरू होतात. त्याखालची बहुतेक खाती प्रिंटर, नेटवर्क वगैरे सेवांची असतात. त्यांना हात लावू नका.

खरा पासवर्ड ‘/ईटीसी/शॅडो’ या फाइलीत असतो, तोही हॅश करून, म्हणजे उलट फिरवून वाचता येणार नाही अशा रूपात. पूर्वी युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बेतलं त्या जुन्या प्रणालीत, हे हॅश सगळ्यांना वाचता येणाऱ्या ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ फाइलीत, म्हणजे वरच्या सात रकान्यांच्या ओळी जिथं असतात तिथंच असत. कोणीही ते उचलून निवांत अंदाज लावत बसू शकत असे, म्हणून त्यांना वेगळ्या, बंद फाइलीत हलवलं.

आता नवं खातं. ‘सुडो अ‍ॅडयूजर सीमा’. ‘सुडो’ म्हणजे ‘पुढची कमांड रूटच्या अधिकारानं चालव’. आधी तुमचा पासवर्ड मागेल, मग सीमाचा नवा पासवर्ड दोनदा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो. डोळे मिटून लिहिल्यासारखं लिहा आणि एंटर दाबा. पुढचे खोली क्रमांक, फोन वगैरे प्रश्न रिकामे सोडले तरी चालतात. ‘यूजरअ‍ॅड’ नावाची उलट्या क्रमाची कमांडही आहे, पण उबुंटूत ती ‘-एम’ दिल्याशिवाय होम फोल्डर करत नाही आणि पासवर्डही विचारत नाही. नवशिक्यानं अ‍ॅडयूजरच वापरावी.

तुम्ही ठेवलेला पासवर्ड तुम्हाला माहीत आहे, आणि तो तसाच राहू नये. म्हणून लगेच ‘सुडो पासडब्ल्यूडी -ई सीमा’ द्या. त्यानं पासवर्डची मुदत तिथल्या तिथं संपते आणि पहिल्याच लॉगिनला सीमाला स्वतःचा पासवर्ड ठेवावा लागतो. ही पायरी मी कधीच गाळत नाही.

पुढचा भाग गटांचा. हिशेबाच्या फाइली तिघांनीच पाहायच्या असतील तर ‘सुडो ग्रुपअ‍ॅड हिशेब’ असा गट करा आणि माणसं घाला: ‘सुडो यूजरमॉड -एजी हिशेब सीमा’. यातला ए लहान, जी मोठा. तो लहान ए म्हणजे ‘आहे त्यात भर घाल’. तो राहिला, तर त्याचा अर्थ ‘मुख्य गट सोडून बाकीच्या सगळ्या जोड गटांतून काढ आणि फक्त या गटात ठेव’ असा होतो.

हे मला चांगलंच महागात पडलं आहे. एका ऑफिसात मी स्वतःलाच एका गटात घालताना ए विसरलो आणि नकळत ‘सुडो’ गटातून, म्हणजे सुडो वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटातून, बाहेर पडलो. त्या दिवशी काहीच बिघडलं नाही, कारण चालू लॉगिनला जुने गट धरूनच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुडो म्हटलं, तर तुमचं नाव यादीत नाही असं उत्तर. मशीनवर अधिकार असलेलं दुसरं खातंच नव्हतं. शेवटी मशीन पुन्हा चालू करून, ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून दुरुस्तीच्या रिकव्हरी मोडमध्ये जाऊन, रूट शेल उघडून, डिस्कवर लिहिण्याची मुभा घेऊन स्वतःला परत गटात घातलं. तेव्हापासून यूजरमॉड चालवलं की टर्मिनल बंद करण्याआधी ‘आयडी सीमा’ लिहून गटांची यादी डोळ्यांखालून घालतो. उबुंटूत ‘सुडो अ‍ॅडयूजर सीमा हिशेब’ असं लिहिलं तरी माणूस गटात जातो आणि हा धोकाच उरत नाही. गटातून काढायला ‘सुडो डेलयूजर सीमा हिशेब’.

गटात घातल्यावरही सीमाला फोल्डर उघडत नसेल तर तिला एकदा लॉगआउट करून परत यायला सांगा. नवा गट नव्या लॉगिनलाच लागू होतो.

सामायिक फोल्डरसाठी तीन ओळी: ‘सुडो एमकेडिर /एसआरव्ही/हिशेब’, ‘सुडो सीएचजीआरपी हिशेब /एसआरव्ही/हिशेब’, ‘सुडो सीएचमॉड 2770 /एसआरव्ही/हिशेब’. दोन साती म्हणजे मालकाला आणि गटाला पूर्ण मुभा, शून्य म्हणजे बाकीच्यांना दार बंद. सुरुवातीचा 2 महत्त्वाचा: आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप हिशेब गटाची होते. तरी दुसऱ्याची फाइल वाचता येते पण बदलता येत नाही असं झालं, तर ‘यूमास्क’ लिहून बघा. नव्या फाइलीवर कोणती मुभा द्यायची नाही ते हा आकडा सांगतो. 0022 दिसलं तर कारण तेच, 0002 हवं.

पासवर्डची स्थिती ‘सुडो चेज -एल सीमा’ सांगते. चेज म्हणजे ‘चेंज’मधला एन गाळलेला शब्द. ‘-एम’ मोठ्या अक्षरात आणि पुढे 90 दिलं की दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती होते. माझं मत विचाराल तर ती करू नका. सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डपुढे एकेक आकडा वाढवतात आणि चिठ्ठी पुन्हा मॉनिटरवर येते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनंही 2017 पासून नुसत्या ठरावीक मुदतीवरून पासवर्ड बदलायला लावू नका असंच सांगितलं आहे. तो लांब असावा, आणि फुटल्याची शंका आली की लगेच बदलावा.

कोणी काम सोडलं तर त्याच दिवशी ‘सुडो यूजरमॉड -एल सीमा’ द्या, एल मोठा. शॅडो फाइलीत हॅशच्या आधी एक उद्गारचिन्ह बसतं आणि कुठलाच पासवर्ड जुळत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. एसएसएच किल्लीनं, म्हणजे नेटवर्कवरून पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून, येणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही, त्याला ते दार उघडंच राहतं. म्हणून ‘सुडो चेज -ई 0 सीमा’, इथं ई मोठा. यानं अख्ख्या खात्याचीच मुदत संपते.

खातं पुसण्याची घाई मात्र करू नका. ‘सुडो डेलयूजर --रिमूव्ह-होम सीमा’ होम फोल्डर काढतं, पण तिनं हिशेब फोल्डरात केलेल्या फाइली मागे राहतात, आणि त्यांच्यावर मालक म्हणून नावाऐवजी नुसता 1001 दिसतो. उद्या नवा माणूस आला की अ‍ॅडयूजर पहिला मोकळा क्रमांक उचलतं, आणि तो 1001 असला तर त्या सगळ्या फाइली आपसूक त्याच्या होतात. पुसायचंच असेल तर नंतर ‘सुडो फाइंड / -नोयूजर’ चालवा, बेवारस फाइलींची यादी मिळेल. त्या कोणाच्या नावे करायच्या ते ठरवा आणि ‘सीएचओन’नं मालक बदला. नवं खातं त्यानंतरच उघडा.