आपल्या घराचा मठ कसा शोधावा

माझं माहेर गोव्यातल्या कवळे मठाचं, सासर तिथल्याच पर्तगाळी मठाचं. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात माहेरच्या सवयीने मी एकादशीचा उपास धरला, तर सासूबाई म्हणाल्या, "आपली एकादशी उद्या." कॅलेंडरवर दोन ओळी छापल्या होत्या: आधी स्मार्त एकादशी, दुसऱ्या दिवशी भागवत एकादशी. मठ म्हणजे घराचं गुरुपीठ, आणि दोन घरांचे गुरू वेगळे आहेत, हे मला तेव्हा कळलं. गेली काही वर्षं नात्यातली मुलं मुंबई-पुण्याहून फोन करतात, "मावशी, आमचा मठ कुठला गं?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते. हे आम्हा सारस्वतांपुरतं आहे. बाकीच्यांचे मठ वेगळे, खुणाही वेगळ्या.

पहिली गोष्ट, आडनावावरून मठ ठरवू नका. कामत स्मार्तही (शंकराचार्यांच्या अद्वैत परंपरेतले) आहेत आणि वैष्णवही (मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेतले). कुलदेवावरूनही नको. मंगेश किंवा शांतादुर्गा कुलदैवत असलेली कितीतरी घरं वैष्णव आहेत. मठ बदलला तरी त्यांनी कुलदेव सोडला नाही.

मग बघायचं काय? घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. पुरुषांना मठाचं नाव ठाऊक असतं, पण घरात काय पाळलं जायचं ते बायकांना आठवतं. तिला "आपला मठ कुठला" असं एकदम विचारू नका, आठवत नसेल तर ती संकोचते. असं विचारा: एकादशी कुठल्या दिवशी करायचात? आजोबा कपाळाला भस्म लावायचे की गोपीचंदन? अंगावर शंख-चक्राच्या मुद्रा उठवायचे का? आषाढीला स्वामींकडून तप्तमुद्रा, म्हणजे तापवलेल्या शंख-चक्राच्या मुद्रा, घ्यायला कोणी जायचं का? दिवंगत स्वामींच्या जागेला घरात समाधी म्हणायचे की वृंदावन? गोपीचंदन, मुद्रा, भागवत एकादशी, वृंदावन अशी उत्तरं आली, तर घर वैष्णव, मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेतलं. मग पर्तगाळी किंवा काशी मठ. मूळ गोव्याचं किंवा कारवारकडचं असेल तर बहुधा पर्तगाळी, मंगळूर किंवा केरळकडचं असेल तर बहुधा काशी मठ. भस्म, स्मार्त एकादशी, समाधी असं ऐकू आलं तर घर स्मार्त, मग कवळे मठ किंवा शिरालीचा चित्रापूर मठ. मठाला द्यायच्या वर्गणीला घरात 'वंतिगा' म्हणत असतील तर बहुतेक चित्रापूरच.

त्यानंतर कागद शोधा. मुंजीच्या आणि लग्नाच्या जुन्या पत्रिका, मठाच्या पावत्या, देवघरातले फोटो. पत्रिकेवर वर कुणा स्वामींचं नाव असेल तर शेवटचा शब्द नीट वाचा. कवळ्याच्या स्वामींच्या नावात सरस्वती येतं, चित्रापूरच्या आश्रम, पर्तगाळी आणि काशी मठाच्या तीर्थ. पर्तगाळीच्या स्वामींच्या नावापुढे 'श्रीपाद वडेर' ही उपाधीही सापडेल. पण एकट्या 'तीर्थ' शब्दावर भरवसा ठेवू नका. शंकराचार्यांच्या दशनामी संन्याशांतही तीर्थ हे एक नाव आहे. शृंगेरीच्या पीठावरचे भारती तीर्थ अद्वैतीच आहेत. म्हणून नाव आणि आचार दोन्ही जुळले पाहिजेत.

मठ कळला की त्याच्या गुरूंची परंपरा लिहून काढा. ती लिहायची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. आजच्या स्वामींपासून सुरुवात करा आणि मागे जा. मूळ पुरुषापासून खाली लिहायला घेतलं की माणूस मधल्या दहा नावांत थकतो. शिवाय घरातल्या आठवणी अलीकडच्या टोकाला असतात: आजीने कुणाची पादपूजा केली, वडिलांना मंत्राक्षता कुणी दिली. प्रत्येक नावापुढे दोन वर्षांसाठी जागा ठेवा, एक संन्यासदीक्षेचं आणि दुसरं पीठावर बसल्याचं. ही दोन एक नव्हेत. भारती तीर्थांचा संन्यास १९७४चा, पीठारोहण १९८९चं. मधली १५ वर्षं ते गुरूंच्या जवळ शिकत होते. शिष्यस्वामी गुरूंच्या हयातीतच निवडायचा आणि त्याला घडवायचं, हा परंपरेचा कणा आहे. एकच वर्ष लिहिलंत तर तो काळ तुमच्या कागदावरून पुसला जातो.

एकच नाव पुन्हा आलं तर चूक समजून खोडू नका. चित्रापूर मठाची परंपरा १७०८ साली गोकर्णात सुरू झाली. तिच्या ११ गुरूंत परिज्ञानाश्रम तीन वेळा येतात. अशा नावांपुढे पहिले, दुसरे, तिसरे असं लिहा.

रिकामी जागाही भरू नका. चित्रापूरचे तिसरे परिज्ञानाश्रम १९९१ साली गेले आणि सद्योजात शंकराश्रम पीठावर आले ते १९९७ साली. मधे गुरू नव्हते, पण समाज होता आणि पूजा चालू होती. माझ्या वहीत तिथे एक ओळ कोरी आहे. त्या वर्षांत मुंज झालेल्या मुलाला ती ओळ पुढे काही सांगेल.

मागे कुठे थांबायचं ते मठागणिक वेगळं. पर्तगाळी मठ १४७५ सालचा, नारायण तीर्थांपासूनचा. तिसरे स्वामी जीवोत्तम तीर्थ, त्यांचंच नाव मठाला आहे. २३वे विद्याधिराज तीर्थ २०२१ साली गेले, आता २४वे विद्याधीश तीर्थ आहेत. एवढी नावं एका पानावर मावतात. कवळे मठ आपलं मूळ गौडपादाचार्यांपाशी, म्हणजे शंकराचार्यांच्या गुरूंच्या गुरूंपाशी सांगतो. अद्वैत परंपरेच्या श्लोकात 'व्यासं शुकं गौडपदं महान्तं' असं येतं, ते हेच. तिथे सगळी नावं मिळवायचा हट्ट नको. घरातल्या चार पिढ्यांनी पाहिलेले स्वामी नीट लिहा आणि वर तो श्लोक उतरवून ठेवा.

शेवटी मठात जा. मुंबईत असाल तर वाळकेश्वरला बाणगंगेपाशी कवळे मठही आहे आणि काशी मठही. काशी मठात माधवेंद्र तीर्थांचं वृंदावन आहे. पर्तगाळीसाठी वडाळ्याचा राममंदिर परिसर, चित्रापूरसाठी खारचा मठ. पूजेच्या गडबडीत चौकशी करू नका. आरती-प्रसाद होऊ द्या, मग तिथल्या भटजींना आपलं गाव, गोत्र आणि कुलदेव सांगा. जुन्या भटजींना गावावरून पुष्कळ कळतं. स्वामींना भेटायचं असेल तर चातुर्मासात ते एकाच जागी असतात, पण दर वर्षी मुक्काम तोच असेल असं नाही. निघण्याआधी फोन करा. वही बरोबर न्या, आणि जमलं तर त्या वयस्कर बाईलाही.